दुसऱ्या सीटवर साठ किलो

माझे दाजी गुरुशांत यांनी कुणाला "बरं केलंत, वस्तू चांगली घेतलीत" असं म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. मार्केट यार्डासमोर त्यांचं पाणबुडी मोटारींचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक आधी अपमान घेतं आणि मग माल. करकंबचा कोंडीबा एकदा दुसऱ्या दुकानातून घेतलेली मोटार घेऊन दुरुस्तीला आला. दाजींनी मोटारीकडं बघितलंच नाही. कोंडीबाकडं बघत राहिले.

"ही घेताना डोळं कुटं ठिवलं हुतं? रानात?"

"मालक, स्वस्तात मिळाली."

"फुकट मिळाली असती तरी महागच पडली असती की. उचल."

मी फ्रिज घेतला तेव्हा दाजी मुद्दाम घरी आले. दार उघडलं, वास घेतला, दार लावलं आणि माझ्या बायकोच्या देखत माझ्या बहिणीला म्हणाले, "तुझ्या भावाला फ्रिज नको होता, कपाट पाहिजे होतं. तेच मिळालंय त्याला." दुसऱ्या उन्हाळ्यात त्या फ्रिजनं गार करणं सोडलं. दाजींचं हेच वाईट. बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचं. म्हणून तर लोक शिव्या खायला पुन्हा पुन्हा त्यांच्याच पायरीशी येत. लग्नाचा हॉल ठरवायचा असो की ट्रॅक्टर घ्यायचा, आधी गुरुशांतअण्णांकडून थुंकून घ्यायचं आणि मग घ्यायचं, अशी आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांची रीत पडून गेली होती.

माझी बहीण सुंदरम्मा, म्हणजे अक्का, माझ्याहून मोठी. आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं. दाजी तिला बघायला आले तेव्हा पोहे हातात घेऊन विहिरीवर गेले आणि आमच्या वडलांच्या इंजिनात खोट काढून परत आले. मुलगी पसंत आहे का, हे त्यांच्या थोरल्या भावाला त्यांना तीनदा विचारावं लागलं. "असू दे की," म्हणाले. त्या "असू दे की" वर अक्कानं तीस वर्षांहून जास्त संसार केला.

अशा माणसाला विमान घ्यायची बुद्धी झाली.

झालं असं, की त्यांची मुलगी महेश्वरी जर्मनीत असते. नातवाच्या पाचवीला हे दोघं तिकडं गेले ते तीन महिने राहिले. तिच्या गावाबाहेर एक गवताळ मैदान होतं. दाजी तिथं संध्याकाळी फिरायला जात. एकदा वरून एक लांब पंखांचं विमान आवाज न करता उतरलं. आतून एक म्हातारा निघाला, त्यानं ते विमान एकट्यानं ढकलत शेडमध्ये नेलं, आणि बाकावर बसून पाव खाऊ लागला. दाजींनी महेश्वरीला बोलावून आणलं आणि तिला दुभाषी करून त्या म्हाताऱ्याचा पाव सुकेपर्यंत त्याला प्रश्न विचारले. सोलापूरला परत आले ते बदलूनच. म्हणजे स्वभाव तोच, विषय बदलला.

त्या यंत्राला मोटरग्लायडर म्हणतात. दोन माणसांचं, हलकं. स्वतःच्या इंजिनानं वर चढतं, वर गेल्यावर इंजिन बंद करायचं आणि घारीसारखं गरम हवेवर तरंगायचं. खाली यायला लागलं की पुन्हा इंजिन चालू. लांबच्या मुलखात फिरायला यातलं वेगळं वाण असतं. गरम हवेची सोलापुरात काय कमी, असं दाजी म्हणत, आणि हे मात्र मलाही खोडता येत नव्हतं.

पंचावन्नाव्या वर्षी दाजींनी साध्या विमानाचं लायसन काढलं. त्यासाठी ते दोन वर्षं सुट्ट्या धरून परगावच्या शाळेत जात होते. शिकवणारी पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. त्यातल्या एकालाही विमान धड कळत नाही, असं त्यांनी आल्याबरोबर सांगितलं. लायसन मात्र त्याच पोरांनी दिलं. पैशाचा प्रश्न नव्हता. जुळे सोलापुरात एक प्लॉट पडून होता, तो दिला विकून. आता फक्त कुठलं यंत्र घ्यायचं तेवढं ठरवायचं होतं.

तेवढं ठरवायला अडीच वर्षं गेली.

दुकानात मोटारीचं कॅपॅसिटर घ्यायला आलेल्या माणसाला विमानांची नालस्ती ऐकावी लागायची. नुसत्या ग्लायडरवाल्यांना दाजी भिकारी म्हणत. दुसऱ्यानं दोरी लावून ओढल्याशिवाय वर जात नाहीत. साध्या विमानवाल्यांना उधळे म्हणत. वर गेल्यावरही इंजिन जाळत बसतात. राहिले मोटरग्लायडरवाले, तर त्यांनाही काही कळत नव्हतं. हे पंख फार लांब, ते चाक नको तिथं, त्या इंजिनाचे भाग मिळायचे नाहीत. कॅटलॉग पुढं सरकवून म्हणत, "एक किलोमीटर उंचीवर इंजिन बंद केलं तर हे पन्नास किलोमीटर जातं. हे अठ्ठावीस. आणि हे बघ, हे तिसरं, लाकूड आणि कापडाचं. चोवीस! छत्री आहे ती, छत्री. छत्रीत बसून कोण फिरतं का?" कोंडीबा मान हलवायचा. त्याला छत्रीपेक्षा कॅपॅसिटरची घाई असायची.

वळसंगच्या पुढं युवराज नावाच्या एका कारखानदारानं स्वतःसाठी धावपट्टी केलेली आहे. त्यानं शेडमध्ये जागा देतो म्हणून स्वतःहून सांगितलं. दाजींनी तिथं जाऊन दार मोजलं आणि, "हे दार कुठल्या शहाण्यानं एवढं अरुंद ठेवलं?" असं त्याला तोंडावर विचारलं. दार युवराजच्या वडलांनी ठेवलं होतं. जागा मात्र दाजींनी घेतली.

मी विमा एजंट आहे, म्हणजे दाजींच्या भाषेत रिकामा. त्यामुळं गाडी चालवायला आणि ऐकून घ्यायला मीच. एका दुपारी असाच दुकानात बसलो होतो. अक्का जेवणाचा डबा घेऊन आली. दाजी हैदराबादकडच्या एका डॉक्टरशी बोलत होते. त्याच्याकडं एक यंत्र विकायला होतं. फोनचा स्पीकर चालू होता, कारण आपण किती हुशारीनं विचारतो हे दाजींना सगळ्या दुकानाला ऐकवायचं असे.

"वजनाचं सांगा," डॉक्टर म्हणाला. "दोघं बसणार का?"

"मी पंच्याऐंशी. दुसऱ्या सीटवर साठ धरा."

अक्कानं डबा टेबलावर ठेवला.

"साठ किलोची कोण?"

दाजींनी हातानं थांब म्हटलं.

"थांबते. पण साठ किलोची कोण ते सांगा."

"अगं, हिशेबाला धरायचं असतं ते."

"हिशेबाला धरलेली कोण?"

"कुणी न्हाय! सरासरी असते माणसाची."

"सरासरीला घेऊन फिरणार व्हय तुमी?"

फोनमधून डॉक्टरच्या खोकल्याचा आवाज आला. मी नंतर करतो, म्हणाला आणि ठेवून दिला. दुकानातला माणूस मोटारीचा नट काढायचा थांबून बघत होता. अक्कानं पदर खोचला. "अडीच वर्षं ऐकतेय. आमी दोघं फिरू, आमी दोघं फिरू, असं सगळ्या सोलापूरला सांगत सुटलाय. आणि हितं माझ्या जागेवर सरासरी बसवलीय. आता मी येणार. बघायला जाल तिथं येणार. बसून बघणार."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"बसायचं कळतंय की."

पहिला दौरा चिकमंगळूरचा. कॉफीच्या मळ्याचा मालक, उंच, अर्ध्या चड्डीतला, कन्नड बोलणारा. त्याचं यंत्र बघून मीसुद्धा गप्प झालो. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, बगळ्यासारखं. दोन सीट शेजारी शेजारी. इतकं देखणं काही असलं की दाजींना कसंतरीच होतं. ते लगेच गुडघ्यावर बसून पोटाखाली बघू लागले.

त्या यंत्रात बसायचं तर मागच्या बाजूनं पंखावर चढायचं, पंखावर उभं राहायचं आणि वरून आत उतरायचं. पंख अक्काच्या कमरेच्या वर येत होता. तिनं इरकल लुगडं वर खोचलं, एक पाय टाकला आणि तशीच राहिली. गुडघा वर घेईना आणि खाली येऊ देईना. मळेवाल्यानं धावत जाऊन स्टूल आणलं. मी तिचा हात धरला. आता तिचा एक पाय स्टुलावर, एक पंखावर, आणि तोंड घामानं डबडबलेलं.

दाजी पलीकडून म्हणाले, "ह्या पांढऱ्या लेपाला केसासारख्या चिरा दिसतायत. हे कधीपासून?"

मळेवाला कन्नडमध्ये म्हणाला, चिरांचं नंतर बघू, आधी बाईंना खाली घ्या.

"स्टूल काय विमानातनं न्यायचं नसतं," दाजी म्हणाले. "स्टुलाचं वजन कुटं धरायचं?"

मळेवाल्यानं अक्काला खाली उतरवलं, खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली. मग दाजींना म्हणाला, "मी हे विकणार आहे. पण तुम्हाला विकणार नाही." दाजींना आयुष्यात पहिल्यांदा वस्तूनं नाकारलं. परतीच्या वाटेवर हुबळीपर्यंत ते त्या लेपाच्या चिरांवर बोलत होते.

दुसरा दौरा त्या हैदराबादकडच्या डॉक्टरचा. त्याचं यंत्र म्हणजे दाजींचं पन्नास किलोमीटरवालं. त्याचं नाक पुढं सरकायचं आणि आतून दुमडलेला पंखा बाहेर यायचा. इंजिन बंद केलं की पंखा परत नाकात. दाजींनी ते तीन-चारदा उघडायला, मिटायला लावलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. खोट सापडत नव्हती. त्यांचा चेहरा दातदुखीसारखा झाला होता.

डॉक्टर निवृत्त, बारीक, कडक. तो आत गेला आणि वजनकाटा घेऊन आला.

"या," म्हणाला.

"मी सांगितलंय की. पंच्याऐंशी."

"पेशंट सांगतात ते मी चाळीस वर्षं ऐकलंय. या."

दाजी चढले. अठ्ठ्याण्णव. बूट काढून पुन्हा चढले. तरी अठ्ठ्याण्णवच. अक्का न सांगता चढली, ब्याऐंशी. डॉक्टरनं मनात बेरीज केली आणि यंत्राच्या अंगावरून प्रेमानं हात फिरवला, जणू त्याचीच दया आली.

"तुम्ही हे घेऊ शकता," तो म्हणाला. "फक्त उडताना बाईंना घरी ठेवा. किंवा पेट्रोलला."

अक्का आधी हसली. मग तिचं हसू गेलं. दाजी नाकातल्या पंख्याकडं बघत म्हणाले होते, "एकट्याला जमतंय म्हणता?"

परत येताना उमरग्याजवळ चहाला थांबलो. अक्का गाडीतून उतरलीच नाही. मी चहा आत नेऊन दिला. दाजी दाराशी उभे राहून सांगू लागले, की मनात आणलं तर त्या यंत्रात छोटी टाकी बसवून काय काय करता येईल. अक्कानं चहा तसाच धरून ठेवला.

"साकु," ती कन्नडमध्ये म्हणाली, म्हणजे पुरे. "मला बघायला आलात तवा इंजिन बघून गेलात. लगीन झाल्यावर शेगडी बघितली, मिक्सर बघितला, शेजाऱ्यांची मोटारसायकल बघितली. सगळ्यांच्या वस्तूंत खोट काढलीत. माझ्यात कधी काढली न्हाय. मला वाटायचं, न्हाय सापडली म्हणून. आता कळलं. बघितलंच न्हाय."

टाकीचं बोलणं दाजींनी तिथंच सोडलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असं फार वेळा झालेलं नाही. रस्त्यावरून उसाच्या दोन गाड्या गेल्या. मग त्यांनी विचारलं, "गुडघं कधीपासनं दुखतंय?"

"महेश्वरीच्या वेळेपासनं."

महेश्वरी तीस वर्षांची आहे. करकंब ते माळशिरस कुठल्या विहिरीतल्या मोटारीचं बेअरिंग कधी बदललं ते दाजींना तोंडपाठ. ते गाडीत बसले आणि सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, विमानाचं खूळ गेलं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खूळ गेलं नव्हतं. महिनाभरानं त्यांनी फोन केला. "छत्री बघून येऊ."

कोइमतूरच्या बाजूला एक क्लब बंद पडत होता. तिथं ते लाकूड-कापडाचं जुनं यंत्र होतं, इतकी वर्षं दाजींनी नावं ठेवलेलं. क्लबचं आवराआवरीचं काम शिवकुमार नावाच्या हुबळीच्या एका वैमानिकाकडं होतं. हा माणूस एवढा कंटाळलेला होता, की त्यानं आम्हाला बसा सुद्धा म्हटलं नाही.

दाजींनी सुरुवात केली. "फार जुनं आहे."

"हो."

"इंजिन लहान आहे. चढणार हळू."

"फार हळू."

"कापड फाटलं तर?"

"शिवायचं."

"वारा समोरून असेल तर बैलगाडी पुढं जाईल ह्याच्या."

"गेलेली बघितलीय," शिवकुमार म्हणाला आणि जांभई दिली.

दाजींची सगळी विद्या दुसऱ्यानं वस्तूची बाजू घेण्यावर उभी होती. इथं बाजू घ्यायलाच कुणी नव्हतं. भिंतीला टेकायला जावं आणि भिंतच नसावी तसं त्यांचं झालं. ते यंत्राभोवती दोन फेऱ्या मारून आले. पंख मागं दुमडत होते, म्हणजे युवराजच्या दारातून जात होते. मोठं चाक एकच, पोटाखाली. दोन्ही पंखांना आधाराची छोटी चाकं. पंख इतका खाली, की घरासमोरच्या ओट्यासारखा.

अक्का गेली, ओट्यावर टेकावं तशी पंखाच्या मुळाशी टेकली, पाय उचलून आत घेतले आणि सरकून सीटवर बसली. कुणाचा हात लागला नाही. बसल्यावर तिनं लुगडं नीट केलं आणि समोर बघितलं.

"झाकण लावा," शिवकुमारला म्हणाली.

शिवकुमारनं तिला आधी नेलं. आम्ही दोघं खाली उभे. यंत्र खरंच हळू चढलं. तेवढ्यात दाजींनी दोनदा घड्याळ बघितलं. मग वर इंजिनाचा आवाज थांबला आणि दाजींनी माझं मनगट धरलं. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी हात काढून घेतला आणि इंजिनाच्या वयाविषयी काहीतरी बोलले.

अक्का खाली आली. कसं वाटलं, मी विचारलं.

"हा पोरगा बोलत न्हाय. बरं वाटलं."

मग दाजी गेले. त्यांचं लायसन साध्या विमानाचं. मुद्दाम इंजिन बंद करून ते कधी उडालेले नव्हते, इतकी वर्षं त्याच्यावर व्याख्यानं देत असले तरी. पुढं काय झालं ते शिवकुमारनं नंतर मला सांगितलं. इंजिन बंद केलं, समोरचा पंखा काठीसारखा स्थिर उभा राहिला, आणि दाजींचा हात आपोआप स्टार्टरकडं गेला. शिवकुमारनं तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा गेला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा दाजींनी स्वतःच दोन्ही हात मांडीखाली घातले.

उतरल्यावर दाजी म्हणाले, "घेतो."

"दोघं उडणार असाल तर दोघांचं मिळून एकशे सत्तरच्या वर चालणार नाही," शिवकुमार म्हणाला. "तुमचं किती?"

दाजी इंजिनाकडं बघू लागले. मग अक्काच म्हणाली, "एकशे ऐंशी."

"दहा किलो जास्त. कोण कमी करणार ते घरी जाऊन ठरवा."

दाजींनी अक्काकडं बघितलं. त्या बघण्यात त्यांनी मनातल्या मनात तिच्यातून दहा किलो काढून टाकलेले मला स्पष्ट दिसले.

"बघू नका," अक्का म्हणाली. "मी वाळूचं पोतं न्हाय, ओतून कमी करायला. ज्याला उडायचंय त्यानं कमी व्हावं."

त्या वर्षी सोलापूरनं दाजींचा सगळा हिशेब चुकता केला. गुरुशांतअण्णा पहाटे कंबर तलावाला फेऱ्या मारतात, ही बातमी बाळीवेशीपासून विजापूर रोडपर्यंत पसरली. ज्यांच्या गाड्या, फ्रिज आणि जावई दाजींनी नापास केले होते ते सगळे फिरायला येऊ लागले. "अण्णा, बूट कुठले घेतले? विचारून घेतले का?" कोणी म्हणे, "मॉडेल जुनं झालं, आता किती कमी होणार." कोंडीबा तर करकंबहून येऊन काउंटरवर कोपर टेकून शांतपणे म्हणाला, "मालक, मोटार हलकी करताय म्हणं? ह्या वयात वाईंडिंग जळंल." दाजी लाल झाले, पण त्याला कॅपॅसिटर दिलं. वर कागदात गुंडाळून दिलं.

शेंगापोळी बंद झाली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, बंद झाली. रात्री अर्धी भाकरी आणि पालेभाजी. समोर बसून अक्का नेहमीसारखी जेवायची. तिला कमीही व्हायचं नव्हतं आणि वाढायचंही नव्हतं, म्हणून ती एक घास जास्त घ्यायची नाही आणि एक सोडायची नाही. दाजी तिच्या ताटाकडं बघत राहायचे. मी एकदा तिला म्हटलं, तू पण दोन-तीन किलो कमी केलीस तर काय बिघडणार आहे?

"बिघडणार काही न्हाय," ती म्हणाली. "पण आतापर्यंत ह्या घरात माझ्यासाठी कुणी काही कमी केलेलं मी बघितलं न्हाय. बघू दे की जरा."

दहा किलो उतरायला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले. दाजींच्या गळ्याची कातडी सैल झाली, शर्ट खांद्यावरून लोंबू लागले, आणि त्यांच्या तोंडाची धार मात्र कणभर कमी झाली नाही. यंत्र ट्रकमधून वळसंगला आलं. सरकारी कागदांचं पुराण मी सांगत नाही. त्यात दाजींनी एकेका कचेरीत काय तारे तोडले हेही सांगत नाही. शिवकुमार क्लब बंद करून रिकामाच झाला होता. त्यानं येऊन दाजींना महिनाभर शिकवलं. जाताना मला म्हणाला, "वाईट उडवत नाहीत. ऐकायला कठीण आहेत."

थंडी सरता सरता एका रविवारी अक्का पहिल्यांदा दाजींच्या शेजारी बसून वर गेली. युवराज आणि मी पट्टीच्या कडेला उभे होतो. होटगीच्या दिशेनं ते लहान होत गेलं, मग वर आवाज थांबला. नुसती एक पांढरी आडवी रेघ फिरत होती.

वर काय झालं ते अक्कानं त्याच संध्याकाळी सांगितलं. आवाज थांबल्यावर दाजींनी विचारलं, ऐकू येतंय का? ती म्हणाली, येतंय. आणि मग तिला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. बोलले. युवराजच्या शेडचा पत्रा वरून किती गंजलेला दिसतो, त्याविषयी. "इंजिन बंद झालं, हे चालूच," अक्का म्हणाली. उजवीकडं एक घार गोल फिरत वर चालली होती. अक्का म्हणाली, ती घार बघा, तिकडं घ्या. दाजींनी तिला समजावलं, की उचलणारी हवा ढगाखाली असते, आज ढग तिकडं नाही, आणि घारीचा पंख आणि आपला पंख यांत फरक असतो. समजावता समजावता यंत्र खाली आलं. इंजिन परत चालू करावं लागलं, आणि त्या आवाजात बोलणं तसंच राहिलं. ती घार मात्र वर जाऊन दिसेनाशी झाली होती.  मला सांगताना अक्काला राग आलेला नव्हता. दमलेली दिसत होती.

"पुढच्या रविवारी जाणार?" मी विचारलं.

"दहा किलो कमी केलेत त्यांनी. एवढ्यात सोडते व्हय."

पुढच्या रविवारी ते खूप वेळ वर राहिले. इंजिनाचा आवाज बंद झाला तो पुन्हा आलाच नाही. युवराज कंटाळून कारखान्यावर निघून गेला. मी एकटाच मान वर करून उभा होतो. त्यांच्या वरती दोन घारी होत्या आणि ते यंत्र त्यांच्याच गिरकीत फिरत होतं, त्याच बाजूनं, थोडंसं खालून.

उतरल्यावर दाजी आधी बाहेर आले. एरवी त्यांना आधी यंत्र तपासायचं असतं; त्या दिवशी त्यांनी पंखाच्या मुळाशी हात पुढं केला आणि अक्का तो धरून उतरली. मग माझ्याकडं वळून त्यांनी सुरू केलं. उचलणारी हवा ओळखायची कशी, लोक ढगाच्या नादानं कसे फसतात, आणि पक्ष्यांकडं बघायची अक्कल एकालाही कशी नसते. ही गोष्ट आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होती, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी अक्काकडं बघितलं. ती पाण्याची बाटली घेऊन शेडच्या सावलीला बसली होती आणि गुडघा चोळत होती. तिनं मला मानेनं खुणावलं, ऐकून घे. मी ऐकून घेतलं.